'द.' म्हणजे दिलेला की घेतलेला?

काकांच्या वहीत पणजोबांच्या धाकट्या भावापुढे नुसतं 'द.' होतं, खाली मुलंबाळं नाहीत. मी 'दत्तक घेतलेला, निर्वंश' असं लिहून वंशावळ छापली. जयसिंगपुरात, आठव्या गल्लीतल्या घरी भावकी जमली, तेव्हा आत्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "आरं, ह्याला दत्तक दिला हुता. नाव बदललं त्याचं तिकडं." ज्याला मी निर्वंश लिहिलं, त्याची नातवंडं समोर बसून तेच पान वाचत होती. तोच माणूस दुसऱ्या शाखेत नव्या नावानं, वेगळ्या क्रमांकानं होता.

म्हणून सांगतो, 'द.' लिहू नका. 'द.घे.' आणि 'द.दि.' लिहा आणि अशा खुणांचा अर्थ वहीच्या पहिल्याच पानावर द्या. आपल्याला पाठ असतं, नातवाला नसतं.

आकड्यांतही मी फसलो. शाहू महाराजांनी वसवलेल्या आमच्या गावात गल्लीचा नंबर सांगितला की घर सापडतं. तसेच माणसांनाही आकडे दिले, बापाच्या आकड्याला जोडूनच अपत्याचा क्रम. पण पणजोबांच्या वडिलांना अकरा अपत्यं निघाली. मग 1112 म्हणजे पहिल्याच्या पहिल्याचा बारावा, की अकराव्याचा दुसरा? मध्ये टिंब द्या: 1.11.2. प्रत्येक टिंबाला एक पिढी. मुली आणि लहानपणी गेलेली मुलंही मोजा. मी ती गाळली होती. नंतर घालताना सगळ्या शाखांचे क्रमांक सरकले.

जुन्या कागदांतली अक्षरं तर फार जपून वाचावीत. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. सातबाऱ्यावर एकाच भावाचं नाव दिसलं म्हणून तो एकुलता एक ठरत नाही. पुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बाकीचे भाऊ त्याच्या नावामागे असतात. 'अ.पा.क.' दिसलं तर वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, आणि शेजारचं नाव पालनकर्त्याचं. 2023पासून घरोघरी कुणबी नोंदी शोधल्या जातायत, तिथं तर 'कु.' आधी कुठल्या रकान्यात आहे ते बघावं. जातीच्या रकान्यात कुणबी, मुलीच्या नावाआधी कुमारी.

दुरुस्त प्रतीत त्या आजोबांची नोंद दोन्ही घरांत ठेवली आहे. जन्मघरी 1.3, द.दि., पुढं दत्तकघराचा क्रमांक आणि दोन्ही नावं. पहिली प्रत त्या नातवंडांकडे मी स्वतः नेऊन दिली.