वेदीपासून कोणाला दूर करू नकोस

चि. नेल्सन,


युवक मंडळाच्या ग्रुपवर तू जे लिहिलंस ते फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. अमुक पक्षाला मत देणारा खरा कॅथोलिक नव्हे, त्याने ख्रिस्तशरीर घ्यायला पुढे येऊ नये, असं त्यात होतं म्हणे. थोरल्या काकांचं नाव तू घेतलं नाहीस, पण रोख कुणावर होता ते घरात सगळ्यांना कळलं. पक्ष कुठला, याच्याशी मला कर्तव्य नाही. मतावरून तू माणसाला वेदीपासून दूर लोटायला निघालास, याची मला धास्ती वाटते. हा अधिकार तुला कुणी दिला?

चर्चची सामाजिक शिकवण तू वाचली आहेस, म्हणून तिच्याच आधाराने बोलते. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हलाखीवर विश्वपत्र लिहिलं. त्यात खाजगी मालमत्तेचा हक्क आहे, तसाच निर्वाहापुरत्या मजुरीचा आणि संघटना बांधण्याचाही हक्क आहे. हे सगळं एकत्र घेतलेला जाहीरनामा शोधूनही सापडायचा नाही. प्रत्येक पक्ष आपल्याला सोयीचं तेवढं उचलतो. म्हणून मतदाराला तोलावंच लागतं, आणि तोलताना दोन प्रामाणिक माणसांचे निर्णय वेगळे पडू शकतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हे ओळखलं होतं. अशा मतभेदात कोणीही आपल्या बाजूसाठी चर्चचा अधिकार वापरू नये, असं तिने बजावलं आहे. तू नेमकं तेच केलंस.

आपल्या वसईचंच बघ. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावं मिळून महानगरपालिका झाली आणि गावांतून विरोध उठला. पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये मांडलेलं तत्त्व असं, की लहान संस्थेला जे जमतं ते मोठीने हिरावून घेऊ नये. त्या आधारे एखादा म्हणेल, ग्रामपंचायत राहू दे. जमिनीचा आणि बांधकामाचा निर्णय गावाबाहेर गेला की वाडी गेलीच म्हणून समज. दुसरा म्हणेल, नळाचं पाणी, सांडपाणी, दवाखाना हे एकट्या गावाच्या आवाक्यातलं नाही, आणि ज्याच्याकडे वाडीही नाही, विहीरही नाही, त्याचा विचार कोण करणार? सर्वांच्या हिताचं तत्त्वही त्याच शिकवणीतलं आहे. या दोघांनी वेगळी बटणं दाबली, तर कुणाला वेदीवरून परत पाठवशील?

तू म्हणशील, मग सगळंच चालतं का? नाही चालत. निष्पाप जीव घेणं हा कुठल्याही हिशेबात बसवायचा मुद्दा नाही. पण तिथेही कार्डिनल रॅट्झिंगर यांनी २००४ मध्ये अमेरिकन बिशपांना लिहिताना भेद केला. उमेदवार गर्भपाताच्या बाजूने आहे म्हणूनच मत देणारा त्या दोषात भागीदार होतो. तो मुद्दा अमान्य असूनही तितक्याच गंभीर कारणांसाठी मत देणाऱ्याची गोष्ट वेगळी. पुढे पोप झालेल्या माणसाने इतकं जपून लिहिलं, आणि तू एका ओळीत निकाल लावलास!

केरळचा दाखला तू देतोस, तो बिनतोड नाही. १९५९ मध्ये तिथलं चर्च कम्युनिस्ट सरकारविरुद्ध उभं राहिलं, कारण शाळांवरच्या नियंत्रणाचा कायदा त्याला मान्य नव्हता. कायद्याला विरोध करणं समजू शकतं. पण त्या आंदोलनाच्या शेवटी लोकांनी निवडून दिलेलं सरकार केंद्राने बरखास्त केलं, हा आदर्श म्हणून मिरवण्यासारखा भाग नाही. चारच वर्षांनी पोप तेविसावे जॉन यांनी चुकीचं तत्त्वज्ञान आणि त्यातून निघालेली चळवळ यांत फरक करायला सांगितलं.

राहिली आपण मूठभर असल्याची गोष्ट. एकगठ्ठा मत दिलं तरच टिकू, ही भीती खोटी नाही. तिला हसणाऱ्यांतली मी नाही. पण सामाजिक शिकवण आपल्या समाजाचा फायदा बघायला लिहिलेली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी लढले ते बिल्डर आणि टँकरवाल्यांच्या विरोधात. विहिरी उपसल्या की पाणी शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांचंही आटतं. ती चळवळ सगळ्यांच्या पाण्यासाठी होती, म्हणून तिला ताकद आली.

फार बोलले, बाळा. तुझ्या वयाची मुलं विश्वपत्रं उघडूनही बघत नाहीत. तू वाचतोस, गरिबाच्या बाजूने पोटतिडकीने भांडतोस, याचं मला किती कौतुक आहे ते तुला ठाऊक आहे. ती तळमळ सोडू नकोस. काकांना त्यांचं मत चुकलंय असं तोंडावर सांग, पुरावे दे, चिडलास तरी हरकत नाही. फक्त त्यांना पापी ठरवू नकोस. त्यांच्या मनात काय आहे ते तुला दिसत नाही, मलाही नाही.

ग्रुपवरचं ते वाक्य आजच काढून टाक. आणि रविवारी मिस्सा झाली की काकांच्या घरी जा. ते वाट बघतायत, बोलून दाखवत नाहीत एवढंच.

तुझी,
आत्या