पुलीची चावी पुन्हा पुन्हा का निसटते?

प्रश्न : आमच्या पिठाच्या गिरणीचा शाफ्ट ३५ मिमीचा आहे. पुलीची चावी सारखी बाहेर सरकते. वेल्डिंगचा टाका मारून टाकू का?

उत्तर : टाका अजिबात मारू नका. उष्णतेने शाफ्ट वाकू शकतो, टाक्यापाशी तडा जाऊ शकतो आणि पुढे पुली उतरवणं महाकठीण होतं.

आधी चावी काढून खाच पाहा. ३५ मिमीच्या शाफ्टला १० × ८ मिमीची समांतर चावी लागते. खाच शाफ्टमध्ये ५ मिमी, पुलीत ३.३ मिमी खोल. म्हणजे वरच्या बाजूला थोडी फट राहणारच, ती दोष नव्हे. भार घेतात त्या बाजूच्या कडा. तिथे चावी हलत असेल, तर दर झटक्याला ती खाच कुरतडते. पत्र्याची पट्टी कोंबणं हा इलाज नव्हे! खाच रुंद झाली असेल, तर ती पुन्हा कापून घ्या आणि तेवढ्याच मापाची चावी बसवा.

बसवणी घट्ट झाल्यावर चावीच्या बरोबर वर, पुलीच्या हबमध्ये आटे पाडून ग्रब स्क्रू लावा. आटे तेलकट नकोत. मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर लावा. पुली स्वतः शाफ्टवर सैल असेल, तर मात्र स्क्रूही टिकणार नाही. पुलीचं भोक बुश घालून मापात आणा.