चट्टा दिसला? आधी मलम नको, आधी तपासणी



अंगावर चट्टा उठला की आपण आधी हळद लावतो. मग मेडिकलवर जाऊन "खाजेची ट्यूब द्या" म्हणतो. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा वाढतं, आणि असं करता करता वर्ष निघून जातं. म्हणून या पाठात तीन गोष्टी शिकू: कोणता चट्टा लगेच दाखवायचा, कुठे पाठवायचं आणि सोबत काय द्यायचं.

१. ट्यूबने काय होतं?

गजकर्ण म्हणजेच नायटा, हा बुरशीचा आजार. मेडिकलवरच्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. त्याने खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र पसरत राहते. चट्ट्याचं रूपच बदलतं, मग डॉक्टरांनाही तो ओळखणं अवघड जातं. तीच ट्यूब चेहऱ्यावर रोज लावली तर कातडी पातळ होते, पुरळ येतं, लव वाढते. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिलंय का, हे शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे.

२. कोणाला लगेच पाठवायचं?

• फिकट किंवा लालसर चट्टा आहे, पण खाजत नाही, दुखत नाही आणि तिथे स्पर्शही कळत नाही. ताईला डोळे मिटायला सांगा आणि कापसाच्या टोकाने हलकेच स्पर्श करून विचारा. सुई टोचू नका.
• हातापायाला बधिरपणा, चुलीचा चटका न कळणं, चालताना चप्पल निसटणं, कानाची पाळी जाड होणं. ही कुष्ठरोगाची लक्षणं असू शकतात.
• घरात दोघा-तिघांना गजकर्ण किंवा खरूज आहे. उपचार सगळ्यांवर एकदमच करावे लागतात, म्हणून सगळ्यांनाच दाखवा.
• वारंवार गळवं येतात, जखम भरत नाही. अशा वेळी शुगरही तपासायला सांगा.
• नवी गोळी सुरू केल्यावर ताप, अंगभर फोड, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा. इथे एक दिवसही थांबायचं नाही. १०८ ला फोन करा, गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.

पांढरं कोड वेगळं. त्यात स्पर्श कळतो आणि ते एकाचं दुसऱ्याला होत नाही.

३. कुठे पाठवायचं?

आधी आशाताईंना सांगा. त्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतील. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषध तिथे मोफत आहे. कोर्स ६ किंवा १२ महिन्यांचा असतो. आजार नक्की ओळखू आला नाही तर तिथले वैद्यकीय अधिकारी पुढे पाठवण्याची चिठ्ठी देतात. नांदेड जिल्ह्यातल्या बहिणींनी विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जायचं, लातूरच्या बहिणींनी विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत. तिथे त्वचारोग विभागाचा केस पेपर काढायचा.

आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय दुसऱ्या खात्याचं, म्हणून थोडे पैसे जवळ ठेवा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे.

४. सोबत काय द्यायचं?

किनवटहून नांदेडला जायचं म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. फेरी वाया जाऊ नये म्हणून एका कागदावर एवढं लिहून द्या:

• चट्टा कधीपासून आहे, आधी कुठे उठला
• आजवर काय काय लावलं, कोणत्या गोळ्या घेतल्या
• शुगर, बीपी आहे का, दिवस गेलेत का, बाळ अंगावर पितं का
• घरात आणखी कोणाला असं आहे का

वापरलेल्या ट्यूब रिकाम्या असल्या तरी पिशवीत टाका. जायच्या दिवशी चट्ट्यावर काही लावू नका.

५. बोलायचं कुठे, गप्प कुठे राहायचं?

चट्टा लपवण्यामागे बाईला एकच भीती असते: "घरातून काढलं तर?" लपवण्यात गेलेले महिने मात्र नसांना महागात पडतात. उशीर झाला तर बधिरपणा आणि बोटांचं वाकडेपण कायमचं राहू शकतं. वेळेवर औषध घेतलं तर कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. औषध सुरू झालं की तो दुसऱ्याला होण्याची भीती लवकरच संपते. तिचं ताट, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. आणि २०१९ च्या कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलेलं नाही, हिंदू असो की मुस्लिम. हे सगळं बैठकीत मोठ्याने सांगा. कोणाला चट्टा आहे हे मात्र बैठकीत बोलू नका, रजिस्टरमध्येही लिहू नका. सोबत जाणारी एक मैत्रीण आणि आशाताई, एवढ्यांनाच माहीत असलं तरी पुरे.

पुढच्या बैठकीसाठी काम

१. घरातली प्रत्येक ट्यूब आणा, नावं वाचून घ्या.
२. जिल्ह्याच्या दवाखान्याची वाट माहीत असलेल्या आणि सोबत जाऊ शकणाऱ्या दोन मैत्रिणी गटातून ठरवा.
३. चर्चा करा: स्पर्श न कळणारा चट्टा दुखत नाही, तरी तोच आधी का दाखवायचा?