लिंबोळीतील कडूपणाची जडणघडण

कडुनिंबाचे गुण आपल्या लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. धान्याच्या कणगीत त्याचा पाला घालावा, त्वचेच्या विकारांवर त्याचे तेल लावावे, गुढीपाडव्याला त्याची कोवळी पाने खावीत, या रूढींच्या मागे पिढ्यानुपिढ्यांचा अनुभव होता. परंतु झाडातील कोणत्या द्रव्यामुळे हे गुण येतात आणि ते द्रव्य झाडाच्या कोणत्या भागात, केव्हा तयार होते, या प्रश्नांचा पद्धतशीर शोध विसाव्या शतकात सुरू झाला.

सलीमुज्जमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञाने १९४२ साली लिंबोळीच्या तेलातून निंबिन हे कडू द्रव्य वेगळे केले. पुढे १९६२ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांचे सहकारी यांनी असे दाखवून दिले, की लिंबोळीच्या मगजाची पूड पाण्यात कालवून पिकावर फवारली असता टोळ त्या पिकाला तोंड लावीत नाहीत. उपाशी टोळही अशा पानांपासून दूर राहतात, ही गोष्ट जगभरच्या कीटकशास्त्रज्ञांना विचार करावयास लावणारी होती. या गुणाचा मुख्य धनी असलेला रेणू १९६८ साली इंग्लंडमध्ये हाती लागला. त्याचे नाव अझाडिरॅक्टिन. कार्बनचे ३५, हायड्रोजनचे ४४ आणि ऑक्सिजनचे १६ अणू असलेल्या या रेणूची रचना इतकी गुंतागुंतीची निघाली, की ती निश्चित होण्यास १९८५ साल उजाडले. तो प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने तयार करण्यास केंब्रिजच्या संशोधकांना पुढे आणखी २२ वर्षे लागली. आणि २००७ साली ते साधले तेव्हाही हाती आलेले द्रव्य नाममात्रच होते. व्यापारी उत्पादनासाठी ही पद्धत उपयोगाची नाही. म्हणून निंबोळी अर्क फवारणारा शेतकरी असो की कीटकनाशकांचा कारखाना असो, दोघांनाही झाडावरच अवलंबून राहावे लागते.

मग झाड हे काम कसे करते?

एकच ग्रंथ, निरनिराळी पाने

झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीत जनुकांचा जवळजवळ सारखाच संच असतो. पानातील पेशी आणि बियांतील पेशी यांच्याजवळ एकाच ग्रंथाच्या प्रती आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. फरक पडतो तो वाचनात. पेशीला ज्या जनुकाची गरज असते, त्याची एक नक्कल ती उतरवून घेते. या नकलेस संदेशवाहक आरएनए म्हणतात. या संदेशानुसार प्रथिन तयार होते. त्यांपैकी काही प्रथिने विकरे, म्हणजे एंझाइमे, असतात आणि ती एका रेणूचे दुसऱ्या रेणूत रूपांतर घडवून आणतात. एखाद्या ऊतकात कोणते संदेश किती प्रमाणात आहेत हे मोजता आले, तर तेथे कोणती जनुके कार्यरत आहेत याचा अंदाज बांधता येतो.

हे मोजमाप सोपे नाही. आरएनए अत्यंत नाजूक असतो. फळ तोडल्यावर थोडा वेळ गेला तरी तो विघटित होऊ लागतो. त्यामुळे नमुना तोडताच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवितात, त्याची पूड करून आरएनए वेगळा काढतात आणि त्यापासून अधिक टिकाऊ असा डीएनए बनवून यंत्राच्या साहाय्याने त्याची अक्षरे वाचतात.

पुण्यातील अभ्यास

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एच. व्ही. तुलसीराम यांच्या गटाने कडुनिंबावर असाच अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रथम फूल, पान, खोड, साल, तसेच वाढीच्या निरनिराळ्या अवस्थांतील मगज आणि फलावरण यांमध्ये पंधरा प्रमुख ट्रायटर्पिनॉइड द्रव्ये किती आहेत हे मोजले. अझाडिरॅक्टिन, निंबिन इत्यादी कडू द्रव्ये याच कुळातील होत. त्यानंतर ज्या भागांत ही द्रव्ये विपुल आढळली, त्या फळ, फूल आणि पान यांतील आरएनए एकत्र करून तो वाचला. यंत्राने ७ कोटी ९० लाखांहून अधिक तुकडे वाचले. ते जुळवून ४१,१४० संदेशांची यादी तयार झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. आरएनए एकत्र केल्यामुळे या यादीवरून कोणते संदेश झाडात आहेत हे कळते. कोणता संदेश कोठून आला हे कळत नाही. त्यासाठी निवडक जनुकांचे संदेश प्रत्येक भागात स्वतंत्रपणे मोजावे लागतात. संशोधकांनी तसे केले. त्यांत स्क्वालीन सिंथेज या विकराचे जनुक विशेष महत्त्वाचे ठरले. हे विकर पंधरा कार्बनांचे दोन रेणू जोडून तीस कार्बनांचे स्क्वालीन बनविते, आणि पुढील सर्व कडू द्रव्यांचा तो कच्चा माल होय. या जनुकाचे संदेश पानांच्या मानाने फळांत पाचपट, तर फुलांच्या मानाने दहापट आढळले. ज्या भागात संदेश अधिक, त्या भागात कडू द्रव्येही अधिक, असा मेळही दिसून आला. अर्थात मेळ दिसणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. म्हणूनच ही जनुके वेगळी काढून त्यांची विकरे खरोखर अपेक्षित कार्य करतात की नाही, याचीही पडताळणी करण्यात आली.

कडूपणाचे स्थलांतर

या अभ्यासातील सर्वांत मनोवेधक निष्कर्ष फळाच्या वाढीविषयी आहे. कडू द्रव्यांचे प्रमाण दोन ठिकाणी सर्वाधिक आढळले : कोवळ्या फळाच्या आवरणात आणि पक्व बियांच्या मगजात. अझाडिरॅक्टिन ज्या गटात मोडते, त्या एक कडे उघडलेल्या रेणूंची विविधता मगजात अधिक होती. याचा अर्थ समजण्यास पिकलेली लिंबोळी आठवावी. हिरवी असताना ती कडू असते. पिवळी झाली की तिचा गर गोड होतो. मैना, बुलबुल, कोकीळ हे पक्षी तो गर खातात आणि बी दूर नेऊन टाकतात. बी तयार होईतो फळाचे रक्षण व्हावे, नंतर गराने पक्ष्यांना बोलवावे आणि बियांनी मात्र कडू राहावे, ही योजना झाडाच्या हिताची आहे, असे अनुमान यावरून करता येते.

शेतकऱ्यालाही यातून बोध घेण्यासारखा आहे. ज्येष्ठ-आषाढात लिंबोळ्या गोळा करताना कच्ची फळे झोडपून पाडल्यास मगजातील द्रव्यसंचय अपुरा राहतो. पिकून पडलेल्या लिंबोळ्या वेचाव्या, गर धुऊन बिया सावलीत वाळवाव्या आणि हवेशीर जागी ठेवाव्या, हा जाणत्यांचा सल्ला विज्ञानाशी जुळणारा आहे. उन्हाने अझाडिरॅक्टिनचा ऱ्हास होतो आणि ओलाव्याने बियांना बुरशी लागते.

स्क्वालीन हा या वाटेचा केवळ आरंभ आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कडुनिंबाच्या जवळच्या बकाणनिंबातील जनुके तंबाखूच्या जातीच्या एका झाडात घालून अझाडिरोन या द्रव्यापर्यंतच्या पायऱ्या उलगडण्यात आल्या. रेणूचे कडे उघडून अझाडिरॅक्टिनकडे नेणारा मार्ग त्यापुढचा आहे. शेकडो झाडांपैकी कोणत्या झाडाची बी अधिक गुणकारी हे आज बी तपासूनच कळते. जनुकांची भाषा पुरती वाचता आली, तर कदाचित ते रोपावस्थेतच सांगता येईल, आणि बांधावर लावण्यासाठी रोप निवडणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल.