मुरुडशेंग आणि बाळाचा मुरडा

खानापूर मागे टाकून जांबोटी-कणकुंबीच्या रानात शिरले, की वाटेच्या कडेला मुरुडशेंगेची झुडपे दिसू लागतात. खरखरीत पाने, आधी तांबडी व पुढे निळसर-राखी होणारी फुले आणि दोरीसारखा पीळ पडलेली फळे ही त्यांची ओळख. संस्कृतात हिला आवर्तनी म्हणतात, कन्नडमध्ये एडमुरी. लिनीअसने १७५३ मध्ये दिलेल्या ‘हेलिक्टेरिस आयसोरा’ या नावातही पीळच आहे.

हिच्या सालीच्या वाखाचे बळकट दोर वळतात. घरोघरी मात्र ती परिचित आहे ती बाळगुटीमुळे. बाळाच्या पोटात मुरडा आला, की फळ सहाणेवर उगाळून त्याचे वेढे चाटवावेत, अशी जुनी रीत. प्राण्यांच्या आतड्यांवरील प्रयोगांत फळाच्या अर्काने आकुंचन सैल पडल्याचे आढळले आहे. परंतु तेवढ्यावरून तान्ह्या बाळासाठी मात्रा ठरत नाही.

तान्ह्यांची नेहमीची पोटदुखी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप शमते. नेमकी त्याच काळात गुटी चालू असते, म्हणून श्रेय तिला मिळते. सहाणेवरून व पाण्यातून जंतू पोटात जाण्याचा धोका मात्र खरा असतो. पहिले सहा महिने केवळ स्तनपान, ही जागतिक आरोग्य संघटनेची २००१ पासूनची शिफारस आहे, ती यासाठीही.

काही वर्षांपूर्वी कॅम्पमधील माझ्या दवाखान्यात सात महिन्यांचे एक बाळ आले. ते थांबून थांबून कळवळून रडे, पाय पोटाशी घेई. मध्यंतरी निपचित पडे. मुरडा समजून आजीने दोन दिवस मुरुडशेंग उगाळून दिली होती. लंगोटावर रक्तमिश्रित लाल शेंब दिसली, तेव्हा सारे धावत आले. आतड्यात आतडे शिरले होते, म्हणजेच इंटससेप्शन. वेळेवर आलेल्या बाळांत गुदद्वारावाटे हवेचा किंवा द्रवाचा दाब देऊन हे आतडे बहुधा सोडवता येते. येथे शस्त्रक्रिया करावी लागली. बाळ वाचले. दोष आजीचा नव्हता. लसीकरणाच्या प्रत्येक भेटीत तिला सावध करण्याची संधी मला होती, ती मी दवडली.

म्हणून सहव्यावसायिकांना विनंती, की गुटीची चेष्टा न करता तिच्याविषयी आपण होऊन विचारावे. आणि आजींना एवढेच सांगणे : हिरवी उलटी, शौचातून रक्त, फुगलेले पोट किंवा मलूल बाळ दिसले, तर सहाण बाजूला ठेवावी आणि तडक रुग्णालय गाठावे.