गोंडवन : एका महाखंडाची घडण आणि विघटन

१. प्रास्ताविक

मराठीच्या अभ्यासक्रमात भूविज्ञान कशासाठी, असा प्रश्न हा घटक उघडताच आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शब्दांपासूनच सुरू होते. जगातील सर्व भूवैज्ञानिक दक्षिणेकडील ज्या प्राचीन महाखंडाचा उल्लेख ‘गोंडवाना’ असा करतात, त्याचे नाव विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या अरण्यप्रदेशातून गेलेले आहे. शिवाय, ज्या घटनेला कोणीही साक्षीदार नव्हता, तिच्याविषयी खात्रीने कसे बोलावे, ही भूविज्ञानापुढील अडचण तौलनिक भाषाविज्ञानापुढेही असते. दोन्ही शास्त्रे अवशेषांवरून मूळ रूपाची पुनर्रचना करतात. म्हणून या घटकात आपण महाखंडाचा इतिहास पाहूच. पण तो इतिहास कशाच्या आधारावर सांगितला जातो, याकडे अधिक लक्ष देऊ.

आरंभी एका शब्दाची नोंद करावीशी वाटते. ‘खंड’ म्हणजे तुकडा. संस्कृत-मराठी परंपरेने भूमीच्या मोठ्या भागाला तुटलेल्या अंशाचे नाव दिले. युरोपीय भाषांत याच अर्थी रूढ असलेला शब्द मात्र ‘सलग, एकत्र धरून असलेली भूमी’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे. भूविज्ञानाचा निष्कर्ष पाहता आपला शब्द अधिक यथार्थ ठरतो, हा अर्थातच योगायोग आहे. ‘महाखंड’ या शब्दात मात्र त्यामुळे एक गमतीदार विसंगती शिरते. सर्व तुकड्यांच्या मूळ अखंड भूमीला आपण ‘मोठा तुकडा’ म्हणतो.

२. नावाचा प्रवास

गोंड समाजाची गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा येथील राज्ये इतिहासात प्रसिद्ध आहेत. या राज्यांचा प्रदेश तो गोंडवन. एकोणिसाव्या शतकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे अधिकारी या भागात कोळशाचा शोध घेत असताना त्यांना वालुकाश्म, शेल आणि दगडी कोळसा यांच्या जाड थरांची एक विशिष्ट मालिका आढळली. हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये या मालिकेसाठी ‘गोंडवाना’ हे नाव योजले आणि ऑटोकार फाइस्टमांटेल यांनी १८७६ मध्ये ते प्रथम छापील स्वरूपात वापरले. पुढे ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस यांनी १८८५ मध्ये भारत, आफ्रिका व मादागास्कर यांना जोडणाऱ्या प्राचीन भूमीस ‘गोंडवाना-लँड’ म्हटले. ‘वन’ हे पद स्थलवाचक असताना त्याला पुन्हा ‘लँड’ जोडल्याने नावात द्विरुक्ती झाली. आज म्हणून अनेक अभ्यासक नुसते ‘गोंडवाना’ म्हणणे पसंत करतात. मराठीत ‘गोंडवनभूमी’ हे रूपही रूढ आहे.

या नावाच्या वाट्याला आलेली कीर्ती ज्यांचे ते नाव, त्यांच्या भाषेच्या वाट्याला आलेली नाही. गोंडी ही द्राविडी कुलातील भाषा लक्षावधी लोक बोलतात. तरी संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही. अंटार्क्टिकाच्या खडकांपर्यंत पोहोचलेले हे नाव कोणाचे, हे भाषेच्या विद्यार्थ्याला तरी ठाऊक असावे.

३. पुरावा कशाला म्हणावे

झ्यूस यांच्या कल्पनेतील गोंडवाना सरकणारी नव्हती. खंड जागच्या जागी आहेत आणि त्यांना जोडणारी भूमी समुद्रात बुडाली, असे ते मानत. जर्मन हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड व्हेगेनर यांनी जानेवारी १९१२ मध्ये प्रथम जाहीरपणे आणि १९१५ च्या ग्रंथात सविस्तर असे मांडले, की बुडाले काहीच नाही. खंडच एकमेकांपासून दूर गेले. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतात, हे नकाशा पाहणाऱ्या अनेकांच्या ध्यानात पूर्वीच आले होते. व्हेगेनर यांचा युक्तिवाद त्यापुढे जाणारा होता. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे जुळवताना कडा जुळणे पुरेसे नसते; छापील ओळीही एका तुकड्यावरून दुसऱ्यावर सलग जाव्या लागतात, असा दृष्टांत त्यांनी दिला होता. खडकांचे पट्टे, जीवाश्म आणि हिमनद्यांच्या खुणा या त्या छापील ओळी होत.

येथे भाषाविज्ञानातील एक भेद उपयोगी पडतो. दोन भाषांतील शब्द सारखे दिसले, तर त्याची तीन कारणे संभवतात. फारसीतील ‘बद’ आणि इंग्रजीतील ‘बॅड’ यांचे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे. मराठी ‘बटाटा’ आणि पोर्तुगीज ‘बटाटा’ यांचे साम्य उसनवारीचे आहे. संस्कृत ‘पितृ’ आणि लॅटिन ‘पातेर’ यांचे साम्य मात्र समान मूळ असल्याचे आहे, आणि ते एकट्या शब्दावरून नव्हे, तर ध्वनींच्या नियमित जुळणीवरून सिद्ध होते. जीवाश्मांच्या बाबतीत हेच तीन पर्याय तपासावे लागतात. साम्य योगायोगाचे आहे काय? तो जीव समुद्र ओलांडून गेला असेल काय? हे दोन्ही पर्याय टिकले नाहीत, तरच समान भूमीचा विचार करावयाचा.

ग्लॉसोप्टेरिस ही वनस्पती या कसोटीस उतरते. १८२८ मध्ये फ्रेंच पुरावनस्पतिशास्त्रज्ञ आदॉल्फ ब्राँन्यार यांनी तिच्या जिभेसारख्या पानांवरून ग्रीक ‘ग्लोसा’, म्हणजे जीभ, या शब्दाच्या आधारे हे नाव दिले. (याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘भाषा’ असा आहे.) सुमारे तीस ते पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या काळात तिची अरण्ये भारत, दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात होती. तिची बीजे वाऱ्यावर महासागर ओलांडण्याइतकी हलकी नव्हती. उरला अंटार्क्टिका. कॅप्टन स्कॉट यांची तुकडी १७ जानेवारी १९१२ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचली आणि परतीच्या वाटेवर मरण पावली. नोव्हेंबरमध्ये त्यांचे देह सापडले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो खडक होते. बेअर्डमोर हिमनदीच्या काठी गोळा केलेले हे वजन उपासमारीतही त्यांनी टाकून दिले नव्हते. त्या खडकांत ग्लॉसोप्टेरिसची पाने निघाली. ज्या महिन्यात व्हेगेनर आपला सिद्धांत मांडत होते, त्याच्या पुढच्याच महिन्यात हे नमुने उचलले गेले होते, आणि दोघांनाही एकमेकांची वार्ता नव्हती.

दुसरा पुरावा आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे. हिमनदी सरकताना तिच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर समांतर ओरखडे पाडतात. इरई येथील चुनखडकावर असे ओरखडे असल्याचे फ्रान्सिस फेडन यांच्या लक्षात आले आणि १८७५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे तापणाऱ्या भूमीवर हिमनदी! ओडिशातील तालचेर येथील गोटेयुक्त थर हिमनदीने आणलेले असावेत, असे ब्लॅनफर्ड बंधूंनी त्याआधीच, १८५६ मध्ये सुचविले होते. दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया येथेही त्याच सुमाराच्या खुणा मिळाल्या. आजच्या नकाशावर हे प्रदेश जसेच्या तसे ठेवले, तर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना बर्फ होते आणि उत्तरेत मात्र उष्ण अरण्ये होती, असे विचित्र चित्र उभे राहते. तेच प्रदेश दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र मांडले, की सर्व खुणा एका हिमाच्छादनाखाली येतात.

इतके असूनही व्हेगेनर यांचा सिद्धांत दीर्घकाळ अमान्य राहिला. खंड हलविणारे बल कोणते, याला त्यांच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हते. त्यांनी सुचविलेली बले फार क्षीण असल्याचे गणिताने दाखवून दिले गेले. विरोधक आडमुठे होते, असे सोपे चित्र पाठ्यपुस्तकांतून रंगविले जाते. ते मला न्याय्य वाटत नाही. ‘कसे?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मात्र उत्तर सापडेपर्यंत ‘घडले’ हेच नाकारणे चुकीचे होते. ध्वनी का बदलतात, हे पूर्णपणे न कळताही ते बदलले, हे भाषाविज्ञान दाखवू शकतेच. व्हेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत मरण पावले. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर द्यू त्वा यांनी अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरील थर प्रत्यक्ष पडताळून हा विचार जिवंत ठेवला.

मतपरिवर्तन घडविणाऱ्या पुराव्यांत सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचाही वाटा आहे. लाव्हा थंड होताना त्यातील लोहयुक्त कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत स्थिरावतात. या दिशेचा क्षितिजाशी होणारा कोन अक्षांशानुसार बदलतो. म्हणजे खडक आपल्या जन्मस्थानाचा अक्षांश जपून ठेवतो. १९५० च्या दशकात दख्खनच्या बेसॉल्टची अशी मोजणी झाली, तेव्हा तो विषुववृत्ताच्या दक्षिणेस थिजलेला असल्याचे दिसून आले. १९६० च्या दशकात हॅरी हेस, फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांच्या कार्यातून महासागरांचे तळ मध्यवर्ती पर्वतरांगांशी नवे निर्माण होऊन दोन्ही बाजूंना पसरतात, हे स्पष्ट झाले. खंड स्वतः नांगराप्रमाणे समुद्रतळ कापीत जात नाहीत. ते मोठ्या भूपट्टांवर बसून त्यांच्यासह सरकतात. मराठीत या कल्पनेसाठी प्रथम ‘खंडविप्लव’ आणि नंतर ‘भूखंडवहन’ असे शब्द आढळतात. ‘विप्लवा’तील ‘प्लु’ धातूचा अर्थ तरंगणे असा असला, तरी मराठी वाचकाला त्यातून उत्पाताचाच बोध होतो. वर्षाला काही सेंटिमीटर या गतीला ‘वहन’ अधिक शोभते.

४. घडण

गोंडवाना आरंभापासून अस्तित्वात होती, असा समज करून घेऊ नये. तिच्याआधी रोडिनिया नावाचा एक महाखंड होता. तो सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षांपूर्वीपासून फुटू लागला. त्याचे व इतर तुकडे पुन्हा एकमेकांवर आदळून, मधले समुद्र मिटत जाऊन, सुमारे पासष्ट ते पन्नास कोटी वर्षांपूर्वी गोंडवाना सांधली गेली. पूर्व आफ्रिका, मादागास्कर, श्रीलंका आणि दक्षिण भारत यांतील तीव्र उष्णता व दाबाखाली रूपांतरित झालेले खडक हा त्या सांध्याचा व्रण आहे. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अरबस्तान, मादागास्कर, भारत, श्रीलंका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया हे तिचे प्रमुख घटक होत. पुढे सुमारे बत्तीस कोटी वर्षांपूर्वी तिची उत्तरेकडील भूमीशी टक्कर होऊन पँजिया हा सर्वसमावेशक महाखंड बनला. हिमयुग सरल्यावर खोलगट दऱ्यांत वाढलेली ग्लॉसोप्टेरिसची अरण्ये गाडली जाऊन कोळसा झाली. बल्लारपूर, घुग्गुस, वणी, उमरेड येथील खाणींतून निघणारा कोळसा तोच. आपल्यापैकी जे त्या परिसरात राहतात, त्यांच्या घरातील वीज बहुधा त्याच पानांची आहे.

५. विघटन

फूट एका दिवसात पडली नाही. सुमारे अठरा कोटी तीस लाख वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिका व अंटार्क्टिका येथे लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले आणि त्यानंतर आफ्रिकेपासून पूर्वेकडील भाग, भारतासह, सुटू लागला. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी भारत अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून वेगळा होऊ लागला. त्याच सुमारास दक्षिण अटलांटिक उघडू लागला. मादागास्कर भारतापासून जवळपास नऊ कोटी वर्षांपूर्वी सुटले. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांची ताटातूट बरीच उशिरा पूर्ण झाली. मग अंटार्क्टिकाभोवती सागरी प्रवाह फिरू लागला आणि सुमारे तीन कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी तेथे कायमचे हिम साचले.

एकटा पडलेला भारत उत्तरेकडे निघाला, तो भूपट्टांच्या मानाने असाधारण वेगाने : काही काळ वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून अधिक. या प्रवासात, सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहिला. आज उरलेले त्याचे आवरण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. रायगडचा कडा, वेरूळचे लेणे आणि विदर्भातील कपाशीची काळी माती, हे सर्व त्या एका घटनेचे देणे आहे. त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा तुकडा भारताच्या पश्चिम बाजूपासून सुटला. पश्चिम घाटातील जांभळ्या बेडकाचे जवळचे नातलग आज सेशेल्समध्ये राहतात, हे २००३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली तेव्हा उघड झाले. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारत आशियावर आदळला आणि मधल्या समुद्राचा तळ हिमालयाच्या शिखरांवर चढला. ती टक्कर अद्याप थांबलेली नाही; हिमालयातील भूकंप तिचेच.

६. कालमानाचा गोंधळ

उत्तरपत्रिकांत वारंवार आढळणारे एक विधान येथे नोंदविणे आवश्यक आहे : ‘भारत आणि आफ्रिका पूर्वी जोडलेले असल्यामुळे तेथील लोकांत व भाषांत साम्य आहे.’ हे विधान सर्वथा चूक आहे. मादागास्कर सुटले तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉर होते. आधुनिक मानवाचे वय सुमारे तीन लाख वर्षे आहे, आणि तौलनिक पद्धतीने भाषेचे मूळ रूप फार तर आठ-दहा हजार वर्षे मागे नेता येते. नऊ कोटी आणि दहा हजार या संख्यांत नऊ हजार पटींचे अंतर आहे. फुटलेल्या भूमीवर कोणतीही भाषा नव्हती.

या गोंधळाला एक इतिहासही आहे. १८६४ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांनी लेमूर व त्यांच्या सजातीय प्राण्यांच्या विखुरलेल्या आढळाचे स्पष्टीकरण म्हणून हिंदी महासागरात बुडालेल्या ‘लेमुरिया’ची कल्पना मांडली. शास्त्राने ती सोडून दिली. परंतु गूढवाद्यांनी आणि पुढे तमिळ अस्मितेच्या काही पुरस्कर्त्यांनी ती उचलून तेथे प्राचीन मानवी संस्कृती वसविली. भूविज्ञानाचा शब्द उसना घेऊन त्याचे कालमान मात्र मागे ठेवले, की काय होते, याचा हा नमुना आहे. अशा मांडणीमागील अभिमान समजून घेता येईल. पुरावा म्हणून ती स्वीकारता येणार नाही.

स्वाध्याय

१. ‘खंडविप्लव’ आणि ‘भूखंडवहन’ या संज्ञांतील अर्थच्छटांची तुलना करा.
२. शब्दसाम्याची तीन कारणे सांगून ती जीवाश्मांच्या साम्याला कशी लागू पडतात, ते ग्लॉसोप्टेरिसच्या आधारे स्पष्ट करा.
३. आपल्या गावाजवळील एखादा डोंगर, खाण किंवा नदीपात्र पाहून तेथील दगडमातीसाठी स्थानिक लोक वापरत असलेले किमान दहा शब्द नोंदवा. गोंडी, कोलामी किंवा अन्य भाषेतील शब्द मिळाल्यास ते बोलणाऱ्याच्या उच्चारानुसार लिहा.