उघाडी की उधारी? नववीच्या मराठी प्रकल्पाची कृती

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ‘तयार प्रकल्प’ मिळतात. लेखकाचा फोटो, जन्म, मृत्यू, पुस्तकांची यादी, शेवटी निष्कर्ष, वर प्लास्टिकचं कव्हर. चाळीसातल्या तीस वह्या एकसारख्या येतात आणि तपासताना कंटाळा मुलांपेक्षा बाईंनाच जास्त येतो. म्हणून मी असा प्रकल्प द्यायला लागले, जो दुकानात मिळूच शकत नाही, कारण त्याचं अर्धं उत्तर मुलांच्या घरात असतं. पनवेलच्या शाळेतल्या नववीच्या वर्गासाठी ही कृती लिहिते आहे. आपापल्या गावाप्रमाणे पुस्तक बदलून घ्या.

साहित्य (दोन्ही अर्थांनी): र. वा. दिघे यांची ‘पाणकळा’, पाच मुलांच्या गटामागे एक स्मार्टफोन, एक शंभरपानी वही, पेन्सिल, आणि ज्यांनी भात लावलाय असे निदान दोन म्हातारे. फोन बहुधा वडिलांचा असतो आणि ते रात्री आठला कामावरून येतात. वेळापत्रक त्या आठ वाजण्यावर आखा, शाळेच्या तासिकांवर नको.

‘पाणकळा’च का? १९३९ साली आलेली ही कादंबरी, लेखक खोपोलीजवळच्या विहारीत राहिलेले, म्हणजे पनवेलच्या मुलांना शेजारचेच. नावापासूनच काम सुरू होतं. पहिल्याच दिवशी विचारा, पाणकळा म्हणजे काय? वर्ग गप्प बसतो. पावसाळा, असं कळल्यावर सगळे म्हणतात, मग सरळ पावसाळाच का नाही म्हटलं? तिथे प्रकल्प सुरू झाला म्हणून समजा.

पहिली पायरी प्रश्नाची, आणि तोवर फोन दप्तरातच. प्रत्येक गटाने एका वाक्यात प्रश्न लिहायचा. ‘दिघे यांचे साहित्य’ हा प्रश्न नव्हे, ते झेरॉक्सवाल्याचं शीर्षक आहे. ‘कादंबरीच्या पंचवीस पानांतले शेतीचे आणि पाण्यापावसाचे शब्द आमच्या घरातल्या किती जणांना ओळखू येतात?’ हा प्रश्न. यात पानं मोजलेली आहेत, माणसं मोजता येतात आणि उत्तर आधी कुणालाच माहीत नाही. या पायरीला एक पूर्ण आठवडा द्या.

दुसरी पायरी पुस्तक मिळवण्याची. पनवेलच्या लिमये वाचनालयासारख्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयात आधी चौकशी करा. प्रत एक आणि गट आठ, तेव्हा मुलं लगेच म्हणतील, बाई, सगळं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकू. इथे थांबवा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. दिघे १९८० साली गेले, म्हणजे त्यांची पुस्तकं मोकळी व्हायला २०४१ उजाडेल. अभ्यासापुरते आपापल्या वाट्याच्या पानांचे फोटो गटात ठेवायला हरकत नाही, पण अख्खी कादंबरी पीडीएफ करून सगळीकडे पाठवायची नाही. मुलांना हा हिशेब स्वतः करू द्या. प्रकल्पातला तो एकमेव गणिताचा भाग आहे आणि त्यांना तो आवडतो.

तिसरी पायरी शब्द वेचण्याची. फोटोवरून मजकूर उचलणारी सोय आता बहुतेक फोनांत असते आणि देवनागरीही बऱ्यापैकी उचलते. तरी मी ती इथे वापरू देत नाही. शब्द डोळ्यांनी वाचून, वहीत हाताने लिहून घ्यायचा, शेजारी पान क्रमांक. यंत्राने उचललेल्या परिच्छेदातून मुलांची नजर सटकन पुढे जाते, आणि नवखा शब्द नेमका तिथेच निसटतो.

मग चौथी पायरी, गुगल शीटची. रकाने एवढेच ठेवा: शब्द, पान, शब्दकोशातला अर्थ, घरच्यांनी सांगितलेला अर्थ, सांगणाऱ्याचं वय, गाव, कुणी टंकलं. शेवटचा रकाना विसरू नका, भांडणं त्यानेच मिटतात. बोलून टंकण्याची सोय मुलांना फार प्रिय, पण ती शहरी मराठी ऐकायला शिकलेली आहे. आमच्या एका गटाने ‘आवण’ म्हटलं आणि फोनने चार वेळा ‘श्रावण’ लिहिलं. दुसरी खोच लेखनाची. ‘ऱ्या’मधला र दोन पद्धतींनी टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे शब्द वाटतात, आणि शोधलं की अर्धेच सापडतात. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, हे आधीच ठरवून टाका.

अर्थासाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश फुकट शोधता येतात. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ची, पण कोकणातल्या शेतीचे शब्द त्यात भरपूर आहेत. शब्द देवनागरीत टाका. सापडला नाही तर ऱ्हस्व-दीर्घ बदलून पुन्हा. तरीही नाही सापडला, तर रकान्यात ‘कोशात नाही’ असंच लिहा आणि मुलांना सांगा की हे अपयश नव्हे, हीच तर मजा आहे.

आता पाचवी पायरी, मुलाखतीची. सगळा जीव तिथे आहे, तेव्हा घाई करू नका.

वेळ दिवाळीच्या सुट्टीची बरी. गणपतीत घरं भरलेली असतात, पण ढोलकीपुढे रेकॉर्डरचं काही चालत नाही. दुपारी जेवणं झाल्यावर बसायचं. पंखा बंद. फोन फ्लाइट मोडवर, एका दुमडलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. नुसत्या फरशीवर ठेवला की भांड्याच्या प्रत्येक आवाजाने दणका बसतो. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिलं वाक्य परवानगीचं: आजी, आम्ही हे शाळेसाठी रेकॉर्ड करतोय, चालेल ना? ‘चालंल’ हेही रेकॉर्ड व्हायला हवं. आणि एका बैठकीला वीस मिनिटांच्या वर नको.

‘राब म्हणजे काय?’ असं विचारलं तर आजी दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळ्या होतात. त्याऐवजी विचारायचं, आजी, पाऊस पडायच्या आधी शेतात काय काय करायचात? मग पालापाचोळा, फांद्या, शेण पसरणं आलं, ते भाजणं आलं, आणि ‘राब’ आपोआप तोंडात आला. शब्द कामाच्या ओघातच येतो. मुलांनी मध्ये बोलायचं नाही, आजीची मराठी दुरुस्त करायची नाही. हे मात्र दोनदा बजावा, कारण शाळेत आम्ही त्यांना उलटंच शिकवलेलं असतं.

एका गटाच्या शीटमध्ये मला ओळ दिसली: ‘उधारी: भरतीच्या वेळी बंद करायची.’ मी दोनदा वाचली. रेकॉर्डिंग मागवून ऐकलं. आजी खाडीकाठच्या, आगरी बोलणाऱ्या. त्या म्हणत होत्या ‘उघारी’. आगरीत ड चा र होतो, घोड्याचा घोरा होतो, तशी उघाडीची उघारी झाली आणि टंकणाऱ्या मुलाने ती किराणा दुकानात नेऊन ठेवली. उघाडी म्हणजे खारबंदिस्तीच्या बांधातली झडप. भरतीला ती मिटली की समुद्राचं पाणी भातात शिरत नाही, ओहोटीला उघडली की आतलं पावसाचं पाणी बाहेर जातं. गटाने मग एका प्रश्नोत्तराच्या ॲपला विचारलं. त्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, उघाडी म्हणजे पावसाने दिलेली उघडीप. नियम तिथेच ठरला: ॲपचं उत्तर लिहायचं असेल तर वेगळ्या रकान्यात, लाल रंगात, आणि कोश किंवा माणूस यांपैकी एकाने दुजोरा दिल्याशिवाय लाल रंग काढायचा नाही.

आणखी एक गोष्ट त्या ओळीने दाखवली. उघाडी त्या गटाच्या पानांत नव्हतीच. विहारी घाटाच्या पायथ्याशी आणि आमच्या मुलांच्या आज्या खाडीच्या काठाच्या. दोन्हीकडे भातच, पण पाण्याशी झगडा वेगळा आणि म्हणून शब्दही वेगळे. त्या गटाने आपला मूळ प्रश्न बदलून ‘पुस्तकात नसलेले आमचे शब्द’ असा केला. प्रश्न बदलायला मी पाच गुण जास्त देते.

सहावी पायरी नकाशाची. गुगलच्या माय मॅप्समध्ये प्रत्येक शब्दाला त्याच्या गावाची खूण लावायची. खूण गावाच्या वेशीला, कुणाच्या घरावर नाही, आणि नावाऐवजी ‘आजी, ७४ वर्षे’ एवढंच. इथे पनवेलच्या मुलांना एक अडचण येते: उलवे, कोपर, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे ही गावं नवी मुंबईच्या विमानतळासाठी उठली. आजी ज्या खाचराबद्दल बोलतात तिथे आता धावपट्टीचा परिसर दिसतो. शाळेच्या संगणकावर गुगल अर्थ उघडा. त्यात जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं मागे सरकवून पाहता येतात. शेतं आणि बांध दिसेपर्यंत मागे जा आणि खूण तिथे लावा. शक्य असेल तर आजींनाच पडद्यासमोर बसवा. बोट त्या ठेवतील, माउस मुलं धरतील.

मोजणी सोपी. प्रत्येक शब्दाला तीनच शेरे: वापरतात, ओळखतात, माहीत नाही. वयाप्रमाणे गाळणी लावली की आलेख शीटच काढून देतं. बारा-पंधरा माणसांवरून ‘महाराष्ट्रात’ असं वाक्य लिहायचं नाही, ‘आम्ही विचारलेल्या चौदा जणांत’ असं लिहायचं.

अहवाल चार पानांचा, हाताने लिहिलेला. आवाजाच्या अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांचे क्यूआर कोड छापून शब्दाशेजारी चिकटवायचे, अर्थात घरच्यांनी हो म्हटलं असेल तरच, आणि फाइल शाळेच्या ड्राइव्हवर, फक्त वर्गाला उघडेल अशी. सादरीकरण सात मिनिटांचं. सगळं पेन ड्राइव्हवरही ठेवा, कारण नेट ऐन वेळी जातं आणि वीज तर नेटच्या आधी.

गुण देताना शीटचा बदलांचा इतिहास उघडून बघा. कुणी किती टंकलं, कधी टंकलं, सगळं दिसतं. पाचातल्या एकानेच काम केलं असेल तर तेही. ‘उधारी’ची ओळ आम्ही खोडली नाही. ती लाल रंगात तशीच ठेवून खाली ‘उघाडी’ लिहिली, तारीख घातली, आणि ते रेकॉर्डिंग आजींच्या नातवाच्या फोनवर पाठवून दिलं.